पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे

गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक अंकात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे एक छायाचित्र छापले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ग्रंथालयातून तो अंक काढून पाहावा. गावातील प्राथमिक शाळेची चुना दिलेली भिंत, तिच्यापुढे दोन रांगांत उभी असलेली शिबिरातील मुले-मुली, कुणाच्या हातात फावडे, कुणाच्या हातात घमेले. आणि उजव्या टोकाला, डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या मावशी. सात दिवस त्यांनी आम्हाला भाकऱ्या करून घातल्या. छायाचित्राखाली 'श्रमदानानंतर' अशी ओळ आहे. छायाचित्रकाराचे नाव छापलेले नाही, ही संपादक मंडळाची कृपाच म्हणायची. कारण तो छायाचित्रकार मी होतो.

अंक निघाल्यावर एक प्रत घेऊन मी त्या गावी गेलो. मावशींनी पदराला हात पुसले, अंक दोन्ही हातांनी धरला आणि ते पान पुष्कळ वेळ पाहिले. मग मला विचारले, "आरं, ह्यात मी कुठली?"

मी बोट ठेवून दाखवले. लुगडे त्यांनी ओळखले. चेहऱ्याच्या जागी मात्र काळा डाग होता. "चांगला आलाय," असे म्हणून त्यांनी अंक फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून दिला आणि माझ्यासाठी चहा टाकला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

परत आल्यावर मी पहिला दोष कॅमेऱ्याला दिला. कॅमेरा महाविद्यालयाचा, चांगल्यापैकी डिजिटल. तरी मी म्हणालो की तो जुना झाला आहे. दुसरा दोष छापखान्याला दिला. तिसरा दोष, सांगायला लाज वाटते, मी मनातल्या मनात मावशींच्या वर्णालाच देऊन टाकला. 'त्या सावळ्याच आहेत, मग फोटोत आणखी काय येणार!' हा विचार माझ्या मनात आला होता आणि तो मला त्या वेळी अगदी स्वाभाविक वाटला होता. आज हा लेख लिहितो आहे तो याच विचाराचे परिमार्जन म्हणून.

आमचे इतिहासाचे सर रिळांच्या काळापासून छायाचित्रे काढतात. मी त्यांच्यापुढे मूळ छायाचित्र संगणकावर उघडले. त्यांनी चेहऱ्यांकडे पाहिलेच नाही. त्यांनी भिंतीकडे बोट केले आणि विचारले, "ही भिंत कोणत्या रंगाची होती?"

"पांढरी. दिवाळीलाच चुना दिला होता."

"आणि इथे कोणत्या रंगाची दिसते?"

मी पाहिले. भिंत करडी होती, पावसाळी आभाळासारखी. इतके दिवस मी काळे चेहरे पाहत होतो. पांढरी भिंत करडी झाली आहे हे माझ्या लक्षातही आले नव्हते. सर म्हणाले, "ज्याने भिंत करडी केली त्यानेच चेहरे काळे केले. एकच चूक आहे, दोन नाहीत."

ती चूक नीट समजून घेण्यासारखी आहे. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश मोजणारे एक मापक असते. समोरच्या वस्तूंवरून परतून भिंगात येणारा प्रकाश ते मोजते. परंतु वस्तूवर प्रकाश किती पडला आहे आणि वस्तू मुळात काळी आहे की पांढरी, हे त्याला वेगवेगळे कळू शकत नाही. भर उन्हातला कोळसा आणि सावलीतला खडू, दोघांकडून सारखाच प्रकाश परत येऊ शकतो. मग मापकाने करायचे काय? त्याला बनवणाऱ्यांनी एक तडजोड शिकवून ठेवली आहे. जगातील बहुतेक देखाव्यांतील काळे-पांढरे एकत्र कालवले तर मध्यम करडा रंग येतो, असे गृहीत धरायचे; आणि समोर काहीही असो, छायाचित्र त्या मध्यम करड्यावर आणून ठेवायचे. छायाचित्रकार त्याला अठरा टक्के करडा म्हणतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा अठरा भाग परत पाठवणारा रंग. या रंगाची कार्डे बाजारात मिळतात.

झाडे, माती, रस्ता, माणसे असा मिश्र देखावा असला की ही तडजोड छान चालते, आणि म्हणूनच आपण कॅमेऱ्यावर विश्वास टाकतो. पण समोर पांढऱ्याचे राज्य असले की कॅमेरा म्हणतो, 'फार उजेड झाला, कमी करा.' काळ्याचे राज्य असले की म्हणतो, 'फार अंधार आहे, वाढवा.' खिल्लारी बैल चौकट भरून घ्या, तो करडा येईल. म्हैस चौकट भरून घ्या, तीही करडीच येईल. बैल आणि म्हैस यांतला फरक गोठ्यातल्या लहान पोराला कळतो. पुष्कळ पैसे मोजून घेतलेल्या कॅमेऱ्याला तो आपणहून कळेलच असे नाही.

आमच्या मागे चुन्याची भिंत होती. दुपारचे ऊन तिच्यावर पडले होते आणि चौकटीचा बराचसा भाग तिनेच व्यापला होता. कॅमेऱ्याने भिंतीकडे पाहून उजेड कमी केला. पदराच्या सावलीत असलेल्या चेहऱ्याला आधीच कमी उजेड मिळत होता; तोही गेला. कॅमेऱ्याने आपले काम शिकवल्याप्रमाणे चोख केले होते. माझे काम राहिले होते.

माझे काम म्हणजे एक बटण. शटरच्या कळीजवळ, अधिक आणि उणे अशी खूण असलेले एक लहानसे बटण बहुतेक चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर असते. काहींवर त्याऐवजी आकडे कोरलेली चकती असते. यालाच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. मी त्याला प्रकाशाची भरपाई म्हणतो. कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात आपल्या समजुतीने भर घालायची किंवा घट करायची, एवढाच त्याचा अर्थ. अधिक एक म्हणजे कॅमेऱ्याने ठरवले होते त्याच्या दुप्पट उजेड. अधिक दोन म्हणजे चौपट. उणे एक म्हणजे निम्मा. मधल्या पायऱ्या साधारणतः एकतृतीयांशाच्या असतात.

हे बटण कधी चालते आणि कधी चालत नाही हेही सांगितले पाहिजे, कारण मी स्वतः तिथेच अडलो होतो. चकती पूर्ण स्वयंचलित हिरव्या खुणेवर असेल तर बहुतेक कॅमेरे तुमचे मत विचारीतच नाहीत. ती 'पी' वर, 'ए' किंवा 'एव्ही' वर, 'एस' किंवा 'टीव्ही' वर आणावी लागते. 'ए' वर ठेवून अधिक एक केले तर छिद्र तेच राहते आणि शटर दुप्पट वेळ उघडे राहते. १/२५० सेकंदाचे १/१२५ होते. 'एस' वर शटर तेच राहते आणि छिद्र मोठे होते. 'एम' वर सगळे आपल्याच हाती असते, त्यामुळे तिथे भरपाईला सहसा अर्थ उरत नाही. फक्त संवेदनशीलता कॅमेऱ्याकडे सोपवली असेल तर काही कॅमेऱ्यांत ती तिथेही लागू पडते. ज्यांच्याजवळ कॅमेरा नाही त्यांनीही निराश होऊ नये. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवले की पुष्कळ फोनांत सूर्याची लहान खूण उमटते. ती वर सरकवली की उजेड वाढतो, खाली सरकवली की घटतो. तीही भरपाईच.

यातली गंमत अशी की नियम आपल्या पहिल्या समजुतीच्या उलटा आहे. समोर पांढरे फार असेल तर आपल्याला वाटते, उजेड कमी करावा. खरे तर वाढवावा लागतो. काळे फार असेल तर वाटते, वाढवावा. खरे तर घटवावा लागतो. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. चुन्याची भिंत, मिठागर, पांढऱ्या वेशातले वारकरी, ढगाळ आभाळापुढे उभा असलेला माणूस, येथे अधिक एक ते अधिक दोन. काळा पडदा, रात्रीचा मंडप, दगडी गाभारा, येथे उणे एक किंवा त्याच्या आसपास. स्नेहसंमेलनात काळ्या पडद्यापुढे एकट्या नटावर झोत पडलेला असतो, तेव्हा आपण काढलेल्या छायाचित्रांत त्याचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा का येतो, याचे उत्तर येथे आहे. कॅमेरा पडद्याला उजळ करू पाहतो आणि त्यात नटाचा चेहरा जळून जातो.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. ते मी मित्रांच्या तोंडून ऐकले आहेत, म्हणून त्यांचा विचार करतो.

पहिला आक्षेप असा की आताचे कॅमेरे हुशार आहेत. हे खोटे नाही. १९८३ मध्ये निकॉनच्या एफए या कॅमेऱ्याने चौकटीचे पाच भाग करून प्रत्येकाचा उजेड वेगवेगळा मोजण्यास सुरुवात केली. १९९६ च्या एफ५ मध्ये तर रंगही पाहणारे मापक आले आणि तीस हजारांहून अधिक देखाव्यांची माहिती त्याच्या पोटात भरली होती. आताचे कॅमेरे आणि मोबाइल चेहरा कोठे आहे हे ओळखून त्याच्याकडे अधिक लक्ष देतात. पण हे सारे अधिक चांगले अंदाज आहेत, आणि अंदाज करणाऱ्याला मावशी माहीत नसतात. अंदाज चुकेल तेव्हा तो चुकला आहे हे ओळखणारा कुणीतरी कॅमेऱ्याच्या मागे उभा असला पाहिजे. कॅमेरा जितका हुशार होतो तितके आपण निर्धास्त होतो आणि पाहणे सोडून देतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. काढलेले छायाचित्र त्याच क्षणी मागच्या पडद्यावर दिसते, अशी सोय सरांच्या रिळाच्या कॅमेऱ्याला नव्हती. मला ती होती. मी पडद्यावर पाहिले, सगळे चौकटीत आले आहेत एवढी खात्री केली आणि 'झाले' म्हणालो.

दुसरा आक्षेप असा की नंतर संगणकावर सगळे दुरुस्त करता येते. काही अंशी येते. परंतु पांढऱ्याचा भाग एकदा मर्यादेबाहेर जळाला की तेथे कोणतीही माहिती उरत नाही. कोऱ्या कागदावरून पत्र वाचता येत नाही तसे ते आहे. काळ्यातून थोडेफार बाहेर काढता येते, विशेषतः छायाचित्र रॉ स्वरूपात जतन केले असेल तर. पण फार ओढले की चेहऱ्यावर रवाळ ठिपके येतात. मी मावशींचा चेहरा संगणकावर उजळून पाहिला आहे. डाग नाहीसा झाला, त्याच्या जागी राखेचा मुखवटा आला. म्हणून छायाचित्र काढतानाच आलेख पाहावा. मागच्या पडद्यावर डोंगरासारखी एक आकृती दाखवता येते. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. डोंगर एका कडेला चेपून बसला असेल तर बटणाकडे हात गेला पाहिजे. आणि काम झाले की आकडा शून्यावर आणून ठेवावा. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो बंद करून चालू केला तरी तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशीची सगळी छायाचित्रे बिघडवतो.

इथपर्यंतचा मजकूर विज्ञान शाखेच्या मित्रांनी लिहिला असता तरी चालले असते. मला खरे बोलायचे आहे ते यापुढचे.

मावशींचा चेहरा पांढऱ्या भिंतीपुढे कोळशासारखा आला. त्याच मावशी काळोख्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बसलेल्या असताना, चौकट जवळजवळ चेहऱ्याने भरून, मी एक छायाचित्र काढले होते. त्यात त्या चक्क गव्हाळ दिसतात. कारण तेच: मागे अंधार, चेहरा सावळा, म्हणून कॅमेऱ्याने उजेड वाढवला. एका बाईचे एकाच दिवशी दोन वर्ण झाले आणि दोन्ही खोटे. पण ते दुसरे छायाचित्र शिबिरातल्या सगळ्यांना आवडले! "काय सुरेख आलाय!" असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो. चेहरा काळा झाला की आपण कॅमेऱ्याला दोष देतो, गोरा झाला की कॅमेऱ्याचे कौतुक करतो. म्हणजे चूक कोणती आणि कौतुक कोणते हे ठरवणारे मापक आपल्याही डोक्यात बसवलेले आहे, आणि ते मध्यम करड्यावरसुद्धा थांबत नाही.

याची साक्ष गावोगावच्या स्टुडिओंत मिळते. लग्नासाठी मुलीचा फोटो काढायचा म्हणजे तो दोन छटा उजळ करायचा, हे न सांगता ठरलेले असते. पुष्कळ मोबाइलांत चेहरा उजळ आणि गुळगुळीत करण्याची सोय तयारच असते. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० मध्ये आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकला. पण आपल्या पाहण्यातून तो निघाला आहे असे मला वाटत नाही.

हा दोष केवळ आपला नाही आणि केवळ मनाचा नाही. तो यंत्रांतही उतरलेला आहे. रंगीत रिळांच्या काळात अमेरिकेतील कोडॅक कंपनी छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याची कार्डे पुरवीत असे. त्यांवर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. पहिल्या स्त्रीच्या नावावरून पुढच्या सगळ्या कार्डांना 'शर्ली' हेच नाव पडले. शर्लीची त्वचा बरोबर आली की छपाई बरोबर, हे माप अनेक वर्षे चालले. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड १९९० च्या दशकात आले. आणि २०२१ मध्ये गूगलने आपल्या मोबाइलचा कॅमेरा सावळ्या आणि काळ्या त्वचेचे खरे रंग टिपील असा बदल 'रिअल टोन' या नावाने जाहीर केला. म्हणजे कॅमेऱ्याने सगळ्यांना सारखे पाहावे, ही गोष्ट मुद्दाम करावी लागली.

आपल्याला तर याची अधिक लाज वाटायला हवी, कारण सावळ्या रंगाचे जितके कौतुक आपल्या भाषेने केले आहे तितके क्वचितच कुणी केले असेल. आपला देव काळ्या पाषाणाचा आहे आणि त्याच्या सावळेपणावर आपल्या संतांनी शतकानुशतके जीव ओवाळला आहे. त्या शिबिरातल्या गावातही विठ्ठलाचे लहानसे देऊळ आहे. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन मी मूर्तीचे छायाचित्र काढले. गाभाऱ्यात अंधार, मूर्ती काळीभोर, तेल लावून चकचकीत केलेली, आणि दोन समया. कॅमेऱ्याने आपल्या रीतीप्रमाणे उजेड वाढवला. समयांच्या ज्योतींचे पांढरे गोळे झाले आणि विठ्ठल सिमेंटचा झाला. ते पाहून मी चटकन म्हणालो, "छे, हा आपला विठ्ठल नव्हे." देव उजळला तर मला चूक दिसली, मावशी उजळल्या तर मला कला दिसली. या विसंगतीचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही.

म्हणून माझे मत असे आहे की ते अधिक-उण्याचे बटण हा केवळ तंत्राचा भाग नाही. यंत्राने दिलेला निकाल मान्य करायचा की त्यावर आपला शेरा मारायचा, हा प्रश्न त्या बटणात आहे. आणि शेरा मारायचा तर समोरची वस्तू खरी कशी आहे हे आधी आपल्याला ठाऊक हवे. भिंत पांढरी आहे हे ज्याने पाहिलेच नाही, तो अधिक एक कशाच्या आधारावर करणार?

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांची एक हकीकत येथे आठवते. १९४० च्या सुमारास त्यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह झोन पद्धत बसवली. पूर्ण काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, आणि मध्यम करडा त्यांतली मधली, पाचवी, कारण मोजणी शून्यापासून होते. समोरची कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची हे छायाचित्रकाराने ठरवायचे, मापकाने नव्हे. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याजवळून जाताना त्यांना आभाळात चंद्र आणि खाली स्मशानभूमीतील पांढरे क्रूस मावळत्या उन्हात उजळलेले दिसले. घाईत त्यांना प्रकाशमापक सापडेना. ऊन क्रूसांवरून सरकत होते. पण चंद्राची तेजस्विता किती असते हे त्यांना पाठ होते. त्यावरून त्यांनी मनात हिशेब केला आणि छायाचित्र घेतले. दुसरे घेण्याआधीच क्रूसांवरचे ऊन गेले. ते एकच छायाचित्र आज जगभर ओळखले जाते. मापक हरवले तरी त्यांचे अडले नाही, कारण चंद्र करडा नसतो हे त्यांना माहीत होते. माझ्याजवळ मापक होते, वेळ होता, मागे पडदा होता. भिंत पांढरी होती एवढेच मला माहीत नव्हते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. कवितेचा अर्थ सरासरीने लागत नाही, इतिहासातला माणूस सरासरीने कळत नाही, असे आपले प्राध्यापक वर्गात सांगतात आणि आपण माना डोलावतो. मग वर्गाबाहेर पडून कॅमेरा हातात घेतला की आपण सरासरीच्या हवाली का होतो? सरासरीचा त्रास मध्यभागी असणाऱ्यांना होत नाही, म्हणून तो त्यांच्या लक्षातही येत नाही. टोकाला उभे असलेल्यांचेच चेहरे जातात, आणि तेही मग 'चांगला आलाय' म्हणून अंक फळीवर ठेवून देतात.

नुसते मत देऊन थांबणे बरे नव्हे, म्हणून काही साध्या सूचना करतो. दरवर्षी जूनमध्ये आपली ओळखपत्रांची छायाचित्रे पांढऱ्या चादरीपुढे रांगेने, एकाच मापावर काढली जातात. त्यांत सावळ्या मुलामुलींचे चेहरे ओळखू येत नाहीत. चादर करड्या किंवा फिकट निळ्या रंगाची घ्यावी. ते शक्य नसेल तर छायाचित्र काढणाऱ्याने प्रत्येकाचा चेहरा पडद्यावर पाहून गरजेप्रमाणे अधिक एकपर्यंत जावे. प्रत्येकी दहा सेकंद जास्त लागतील. दुसरी सूचना, वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाने छायाचित्र निवडताना त्यातला प्रत्येक चेहरा ओळखू येतो का, हे पाहावे. तिसरी, कुणाचेही छायाचित्र उजळ करून छापू नये. आणि चौथी सूचना माझ्यासारख्या हौशी मित्रांसाठी: ज्याचे छायाचित्र घेतले त्याला ते दाखवावे. मागच्या पडद्यावर, तिथल्या तिथे. मी मावशींना तेव्हाच दाखवले असते तर त्यांनी तेव्हाच विचारले असते, "ह्यात मी कुठली?"

या वर्षी दिवाळीनंतर मी पुन्हा त्या गावी गेलो. मावशींना म्हणालो, परत एकदा त्याच भिंतीपुढे उभ्या राहा. त्या नको नको म्हणत आत गेल्या आणि दुसरे लुगडे नेसून आल्या. पहिले छायाचित्र शून्यावर घेतले. भिंत करडी, चेहरा काळा, गेल्या वर्षीसारखेच. मग अधिक एकवर घेतले, मग अधिक एक आणि दोन तृतीयांशावर. शेवटच्यात भिंत पूर्ण पांढरी झाली; चुन्याचे पोपडे, मुलांनी कोळशाने काढलेली रेघ, सगळे त्यात बुडाले. तेवढी किंमत पडली. पण कपाळावरचे गोंदण दिसत होते, डोळ्यांजवळच्या सुरकुत्या दिसत होत्या आणि चेहऱ्याचा रंग त्यांचाच होता.

मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिले. मी काय म्हणतात याची वाट पाहत उभा होतो.

"पदर बघ की रं कसा सरकलाय," त्या म्हणाल्या. "दुसरा काढ."

मी दुसरा काढला. तो या अंकासाठी संपादक मंडळाकडे दिला आहे.

(तृतीय वर्ष, कला)